समुद्रावरून आणलेलं घर

दोमितिला रेमोलकोयला पाण्याची भीती होती. बेटावर जन्मलेल्या बाईला अशी भीती परवडत नाही, म्हणून ती कुणाला सांगत नसे. होडीत बसली की दोन्ही हात शालीखाली घेई आणि मुठी आवळून धरी. पलीकडे उतरल्यावर मुठी उघडत, तेव्हा तळव्यांवर नखांच्या खुणा असत.

तिचा बाप बुडाला होता. तांकिल बेटावरच्या निम्म्या घरांतले बाप बुडालेले, त्यामुळे त्याचं कुणाला विशेष नव्हतं. नवरा, आबेलार्दो, मात्र बुडाला नाही. तो दर उन्हाळ्यात, म्हणजे तिकडच्या डिसेंबर-फेब्रुवारीत, मेंढ्यांची लोकर कातरायला दक्षिणेला जाई. १९१२ च्या फेब्रुवारीत तो तिथंच खोकून मेला. दोमितिला तेव्हा एकतीस वर्षांची होती. पदरात एक मुलगी, ओतिलिया. राहायला सासूचं जुनं लाकडी घर. घर आबेलार्दोच्या वाट्याचं, म्हणजे आता तिचं. घराखालची जमीन थोरल्या दिराची, बेर्नाबेची. त्या बेटांवर यात कुणाला काही वावगं दिसत नाही. घर हे टेबलासारखं असतं. जमीन वेगळी, टेबल वेगळं.

नवरा गेल्यावर ती पाव भाजू लागली. आठवड्यातून तीनदा टोपल्या होडीत घालून खाडीपलीकडे पुएर्तो लुमाला नेऊ लागली. पाव खपायचा. सगळंच खपत होतं. पूर्वी तिथं चाळीस घरं, एक चर्च आणि एक धक्का होता. मग आगगाडी येणार असं ठरलं. रूळ अजून तीस मैलांवर होते, पण माणसं आधीच येऊन पोचली. करवतीच्या गिरण्या अंधार पडेपर्यंत किंचाळत. डोंगराच्या चढणीवर खुंट्या ठोकून त्यांना चिंध्या बांधल्या होत्या. एकेका चिंधीपाशी माणसं हात कमरेवर ठेवून उभी राहत आणि इथं माझी खिडकी, इथं माझा जिना, असं हवेत दाखवत. औषधवाला आला, फोटोवाला आला, दोन हॉटेलं आली. चिखल होता तोच राहिला. फक्त त्याला आता रस्त्यांची नावं होती.

१९१३ च्या हिवाळ्यात पावाची होडी धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर उलटली. ओतिलिया नऊ वर्षांची होती. दोमितिलाच्या हाताला तिची वेणी लागली. वेणीला धरून तिनं तिला वर काढलं. पाव बराच वेळ पाण्यावर तरंगत होते. किनाऱ्यावरची पोरं हसत होती.

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. पाव जिथं खपतो तिथं भाजायचा. मुलीला पुन्हा होडीत बसवायचं नाही.

आबेलार्दोनं मरायच्या आधी प्लॉटसाठी अर्ज केला होता. त्याचा कागद १९१४ च्या मे महिन्यात, शेवटच्या आठवड्यात आला. नगरपालिकेचा कारकून लिबोरियो बाजारात स्वतः घेऊन आला. छत्री, रबरी बूट आणि नवं खिशातलं घड्याळ, हे त्याचं त्या वर्षीचं रूप.

"एकतीस नंबर," तो म्हणाला. "स्टेशनच्या मागची चढण. नशीब काढलंत, दोमितिलाबाई. सोळा नंबरवरून काल दोघांनी एकमेकांच्या टोप्या चिखलात तुडवल्या."

"अटी काय आहेत, साहेब? मला वाचता येत नाही."

"चोवीस जूनला, सान हुआनच्या सणाला, संध्याकाळच्या घंटेच्या आत, प्लॉटवर घर उभं पाहिजे. वर छप्पर पाहिजे. आत चूल पेटलेली पाहिजे, बाहेर धूर दिसला पाहिजे. लोक नुसते चार खांब रोवून घर झालं म्हणतात, म्हणून धूर." त्यानं कागद घडी केला. "बाकीचं नेहमीचंच."

"आणि नाही जमलं तर?"

"तर यादीतला पुढचा."

पुढचा कोण ते तिला माहीत होतं. लाकडाच्या वखारवाल्याचे त्या चढणीवर सहा प्लॉट आधीच होते.

सान हुआनला महिना उरला होता. तिनं चार सुतार गाठले. तिघांनी मानेनंच नाही म्हटलं. चौथा म्हणाला, "ऑक्टोबर. तेही तुमचा पाव चांगला असतो म्हणून." फळ्या तर कुणाकडेच नव्हत्या. गिरणीतून बाहेर पडलेली फळी वाटेतच कुणाची तरी होऊन जाई.

ती प्लॉटवर जाऊन उभी राहिली. पावलांनी मोजला. अकरा लांब, सात रुंद. मान वर केली तर खाडीपलीकडे तिचंच घर दिसत होतं. काळं, बुटकं, एका बाजूला जरा कललेलं. संध्याकाळी बेटावर परतल्यावर तिनं तेही पावलांनी मोजलं. नऊ लांब, पाच रुंद.

ओतिलियानं विचारलं, "आई, काय मोजतेस?"

"काही नाही," ती म्हणाली. पण त्या रात्री तिला झोप आली नाही.

घर हलवणं तिथं नवं नव्हतं. लोक शेतापलीकडे, ओढ्यापलीकडे, कधी भुताच्या भीतीनं टेकडीपलीकडे घरं ओढून नेत. घराखाली दोन लांब ओंडके सरकवायचे, पुढची टोकं वर वळवून तासायची, टोकांना भोकं पाडून दोर ओवायचे आणि बैल जुंपायचे. समुद्र आडवा आला तर उधाणाच्या भरतीला घर पाण्यात सोडायचं आणि होड्यांनी ओढायचं. यासाठी कुणी मजुरी घेत नाही. जेवण घालायचं आणि पुढं त्यांच्या हाकेला आपण जायचं.

फक्त ती हाक रीतीनं घालावी लागते. ज्याला बोलवायचं त्याच्या घरी जायचं. चुलीपाशी बाकावर बसायचं. तो भोपळ्याच्या वाटीत पाल्याचा कडू चहा देईल, वाटीतल्या नळीनं तो शेवटपर्यंत प्यायचा, आणि मगच तोंड उघडायचं. समोरचा म्हणतो, "येतो." एवढंच. मग तो मरणाच्या दारात असला तरी येतो. वाटी हातात पडायच्या आधी कामाचं बोलायचं नाही. आणि वाटी दिलीच नाही तर तुला हाक घालू द्यायची त्याची इच्छा नाही, असं समजायचं.

हे सगळं दोमितिलाला माहीत होतं. पण सान हुआनच्या आधी घर तरंगेल असं उधाण दोनदाच येणार होतं. एक पौर्णिमेचं, एक अमावास्येचं. पौर्णिमेला बारा दिवस उरले होते. बेटावर तिला लागणारी अकरा घरं एकमेकांपासून लांब, वाटा चिखलाच्या, आणि पाव तर भाजावाच लागत होता. म्हणून तिनं रविवारी प्रार्थनेनंतर धक्क्यावर सगळ्यांना एकदमच सांगून टाकलं.

"येत्या पौर्णिमेला घर काढतेय. तुम्ही सगळे याल ना?"

माणसांनी माना हलवल्या. टोप्या सारख्या केल्या. रुदेसिंदो नावाचा होडीवाला म्हणाला, "वा! शहरासारखं झालं. उद्या पत्रकं वाटशील."

लोक हसले. तीही हसली. सगळे येणार असं तिला वाटलं.

पौर्णिमेच्या सकाळी चौघं आले. त्यांतला एक ठार बहिरा होता. त्याला कशासाठी आलोय तेच कळलं नव्हतं. बैलजोडी एक. दोमितिलानं आदल्या दिवशी मेंढा कापला होता, बटाट्याच्या पोळ्या थापल्या होत्या, सफरचंदाच्या दारूचं पिंप आणलं होतं. दुपारी भरती आली, घरापासून तीनशे पावलांवर थांबली आणि परत गेली. बेर्नाबे त्याच्या कुंपणापाशी हाताची घडी घालून उभा होता. तो कुंपण ओलांडून आला नाही.

शेजारची सेबास्तियाना आजी जेवायला बसली. हाड चोखत म्हणाली, "कुणाच्या चुलीपाशी बसलीस गं तू?"

"वेळ नव्हता, आजी."

"मग त्यांना तरी कुठला असणार?"

"माना हलवल्या त्यांनी!"

"माना काय, बैलही हलवतात." आजीनं हाड ताटात ठेवलं. "रागावलेत असं नाही गं. हाक लागलीच नाही, तर यायचं कसं? तुझ्या दाराशी येऊन विचारायचं, की बाई, मला धरलंयस का? लाज वाटणार नाही का माणसाला?"

मग दोमितिला चिखलातून निघाली. अमावास्येच्या उधाणाला पंधरा दिवस होते. पहाटे पाव, दिवसा शहर, आणि मधल्या वेळात एकेक घर. प्रत्येक चुलीपाशी बसली. कडू चहा पिऊन तिची जीभ सोलवटली. रुदेसिंदोनं वाटी देताना डोळा मिचकावला, "पत्रक आणलंयस का?" पण चहा संपल्यावर तो नीट म्हणाला, "येतो." दहा घरं झाली. शहरात रेल्वेचे बैल हाकणारा एवारिस्तो तिचं गिऱ्हाईक होता. त्याच्या खोपटात चूल नव्हती, पत्र्याच्या डब्यात विस्तव होता. ती डब्यापाशी बसली. तोही म्हणाला, "सणाला बैल मोकळेच असतात. येतो."

अकरावं घर बेर्नाबेचं. ते तिनं शेवटी ठेवलं होतं.

त्याच्याशिवाय घर निघणार नाही, हे बेटावर कुणीही सांगितलं असतं. त्याच्याकडे तीन बैलजोड्या होत्या आणि सगळ्यांत मोठी होडी होती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, ओढताना हाकारे त्याचे लागत. त्याच्या आवाजाशिवाय बैल एका दमात पाऊल उचलत नसत.

ती गेली, बसली. चुलीवर किटली उकळत होती. बेर्नाबे दोर वळत होता. त्याची बायको क्लोरिंदा बटाटे सोलत होती.

"पाऊस आहे," बेर्नाबे म्हणाला.

"आहे, भावजी."

"उत्तरेचा वारा धरणार."

"धरेल असं दिसतंय."

किटली उकळत राहिली. वाटी फळीवर पालथी होती ती तशीच राहिली. तासाभरानं दोमितिला उठली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तो बटाट्याच्या रोगाबद्दल चार वाक्यं बोलला, तिनं चार हुंकार दिले. घरी येऊन ती उभीच राहिली, बसवेना. अमावास्येला चार दिवस होते.

तिसऱ्या दिवशी ती बसली आणि गप्पच राहिली. पावसाचंही बोलली नाही. बेर्नाबेचा दोर वळून संपला होता. तो तोच दोर उलगडून पुन्हा वळत होता. क्लोरिंदानं सुरी खाली ठेवली.

"तीन दिवस एकच दोर वळतोय हा माणूस. मला फाशी द्यायचा विचार आहे की काय?"

बेर्नाबेनं तिच्याकडे पाहिलं नाही. पण त्यानं वाटी सुलटी केली. पाला घातला, पाणी ओतलं आणि वाटी दोमितिलापुढं धरली. तिनं ती दोन्ही हातांत घेतली. ती शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.

"घर काढायला हाक घालते, भावजी."

"आई त्या घरात गेली," बेर्नाबे म्हणाला. "आबेलार्दो त्या घरात जन्मला. मीही."

"माहीत आहे."

"ते शहर आज आहे. गाडी नाही आली तर उद्या काय? चिंध्या बांधलेल्या खुंट्या. तू पोरीला घेऊन तिथं चिखलात बसशील."

तिलाही रोज हेच वाटत होतं.

"एक शब्द दे, दोमितिला. घराखालचे ओंडके काढायचे नाहीत. टोकं आहेत तशी ठेवायची. शहर उलटलं तर मी येईन आणि दोर ओवून घर परत आणीन. जागा मी मोकळी ठेवतो."

"दिला शब्द."

"मग येतो," बेर्नाबे म्हणाला.

बावीस जूनला आठ बैलजोड्यांनी घर किनाऱ्यावर आणलं. दारं-खिडक्या काढून ठेवल्या होत्या, त्यामुळे ते आंधळ्यासारखं दिसत होतं. रात्रभर ते वाळूवर राहिलं. तेवीसला दुपारी भरती चढली. चार रिकामी पिंपं बांधलेलं घर आधी कुरकुरलं, मग डुललं आणि उचललं गेलं. सहा होड्यांनी दोर ताणले. दोमितिला बेर्नाबेच्या होडीत होती. मांडीवर लोखंडी भांडं, आत सासूच्या चुलीतला विस्तव, वर झाकण. विस्तव विझू द्यायचा नसतो. ओतिलिया सेबास्तियाना आजीपाशी बेटावरच राहिली होती. दारं-खिडक्यांबरोबर, शांत दिवशी, तिला आणायचं ठरलं होतं. शेवटचीच खेप.

अर्ध्या खाडीत उत्तरेचा वारा आला.

घर एका अंगानं बसलं. पाणी खिडकीच्या चौकटीला लागलं. होड्यांमागून यायचं सोडून ते आता होड्यांना मागं ओढू लागलं. रुदेसिंदो ओरडला, "बेर्नाबे, दोर तोड! तोड म्हणतो! हे आपल्या सगळ्यांना खाली नेईल!"

कुऱ्हाड बेर्नाबेच्या पायाशी होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं. दोमितिलानंही पाहिलं. तोडू नका, असं म्हणायचा हक्क तिला नव्हता. सहा होड्यांत बावीस माणसं होती आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या चुलीपाशी ती बसून आली होती. तोडा, असंही तिच्या तोंडून निघेना.

"दोमितिला, विस्तव सांभाळ," बेर्नाबे म्हणाला. आणि उभा राहून त्यानं हाकारा घातला. बैलांना घालतो तोच. माणसांनी त्यावर वल्ही मारली. पुन्हा हाकारा, पुन्हा वल्ही. किती वेळ ते कुणी सांगू शकलं नाही. दोमितिलानं दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलं होतं. लाटेचं पाणी आत जाऊ नये एवढंच ती बघत होती. पुएर्तो लुमाच्या वाळूला घर लागलं तेव्हा तिनं हात उचलले. त्या दिवशी तळव्यांवर नखांच्या खुणा नव्हत्या. भाजल्याच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सान हुआन. पाऊस थांबला नव्हता. एवारिस्तोचे बैल आले. घर नव्या रस्त्यातून वर निघालं तेव्हा हॉटेलच्या ओसरीवर माणसं प्याले घेऊन उभी होती. "बाई, खिडकीतून दोन पाव द्या!" "भाडेकरू ठेवता का?" औषधवाल्याच्या पाटीला छपराचा कोपरा लागला आणि पाटी पडली. तो बाहेर येऊन ओरडला, आणि मग कोट काढून दोराला लागला. चारच्या सुमारास घर एकतीस नंबरवर होतं. थोडं तिरकं, पण होतं. बेटावरचे सगळे तिथंच चिखलात बसले. दोमितिलानं चुलीच्या जागी विस्तव ओतला, वर सुकी लाकडं ठेवली. छपराच्या फटींतून धूर निघाला. पावसात तो वर जाईना, पण दिसत होता.

उजेड उतरू लागला तेव्हा लिबोरियो छत्री घेऊन आला. धूर पाहिला, छप्पर पाहिलं. हसला. मग वाकला.

"हे काय?"

"ओंडके, साहेब."

"ते दिसतंय. टोकं वर. भोकं. दोर अजून आत आहेत." त्यानं कागद काढला आणि छत्रीखाली धरून वाचला. "अट चौथी. घर जमिनीवर कायमचं बसवलेलं असावं. ओढून नेता येईल अशी वस्तू घर म्हणून धरली जाणार नाही."

"तुम्ही म्हणालात, बाकीचं नेहमीचंच."

"नेहमीचंच आहे. नेहमी कुणी घर ओढत आणत नाही." त्यालाही वाईट वाटत होतं. "बाई, गेल्या वर्षी एका माणसानं एकाच झोपडीवर तीन प्लॉट घेतले. सकाळी इथं, दुपारी तिथं. म्हणून ही अट. टोकं कापा. भोकं गेली की दोर लागत नाही. मग ते घर."

"किती वेळ आहे?"

त्यानं घड्याळ काढलं. "पंधरा मिनिटं. तेरा धरा."

रुदेसिंदो कुऱ्हाड घेऊन उठलाच होता.

"थांब," दोमितिला म्हणाली.

"थांब काय? दोन घाव घालायचेत!"

"थांब म्हणते ना."

ती आत गेली. बेर्नाबे चुलीपाशी बसला होता. पायमोजे पिळून विस्तवाकडे धरले होते. बाहेरचं सगळं त्याला ऐकू आलं होतं. भिंतीला फटी होत्या. तो विस्तवाकडेच पाहत राहिला.

शब्द दिला होता. तो मोडायचा तर ज्याला दिला त्यालाच हाक घालायला हवी. पण हाक दुसऱ्याच्या चुलीपाशी घालायची असते, आणि ही चूल तिची होती. याला रीत नव्हती. असं पूर्वी कुणाला करावं लागलं नव्हतं. तिनं घाईघाईनं किटली ठेवली. पाणी मघाचं, कोमट. ते उकळेना. बाहेर लिबोरियोच्या बुटांचा चिखलात आवाज येत होता. इकडून तिकडे, तिकडून इकडे. पाणी उकळलं तेव्हा तिनं वाटीत पाला घातला, पाणी ओतलं आणि वाटी दिरापुढं धरली.

बेर्नाबेनं ती घेतली नाही.

"नऊ मिनिटं!" बाहेरून आवाज आला.

तिचे हात हवेत राहिले. भाजलेल्या तळव्यांना वाटीचा चटका बसत होता. बेर्नाबेनं पायमोजे बाजूला ठेवले. वाटी काढून घेतली, जमिनीवर ओतून टाकली. मग स्वतः पाला घातला, स्वतः किटली उचलली, पाणी ओतलं. आणि भरलेली वाटी तिच्यापुढं धरली.

"आईची चूल आहे," तो म्हणाला. "मीही देऊ शकतो. बस."

ती बसली. चहा उकळता होता. तो फुंकून, थांबून प्यायचा असतो. ती थांबली नाही. नळीनं जीभ पोळली, घसा पोळला, डोळ्यांतून पाणी आलं. तळाशी हवेचा आवाज आल्यावरच तिनं वाटी खाली ठेवली.

"टोकं कापायला हाक घालते, भावजी."

बेर्नाबेनं विस्तवात एक लाकूड सरकवलं. ते पेटलं.

"येतो," तो म्हणाला.

तो अनवाणीच बाहेर गेला. रुदेसिंदोच्या हातातून कुऱ्हाड घेतली. डावं टोक सहा घावांत गेलं. उजवं ओलं होतं, त्यात कुऱ्हाड रुतू लागली. लिबोरियो घड्याळाकडे पाहत नव्हता, चर्चच्या मनोऱ्याकडे पाहत होता. टोक लोंबकळलं, मग चिखलात पडलं. दोराचं वेटोळं त्याच्याबरोबर पडलं.

घंटा वाजली नाही. सगळे वाट पाहत उभे राहिले. बराच वेळ वाजली नाही. लिबोरियोचं घड्याळ पुढं होतं.

त्यानं छत्रीखाली कागदावर लिहिलं. "घर," असं तो स्वतःशी पुटपुटला, आणि सही केली.

बेर्नाबेनं डावं टोक खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्या दिवशीच्या भरतीला ते बेटावर नेलं. कशाला ते कुणी विचारलं नाही. घराच्या जुन्या जागी त्यानं पुढं कधी बटाटे लावले नाहीत, असं होडीवाले सांगत.

ओतिलिया आठ दिवसांनी आली. पाणी आरशासारखं होतं. तरीही ती धक्क्यावर उतरेपर्यंत दोमितिला गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी होती.

गाडी दोन वर्षं उशिरा आली. त्या दोन वर्षांत वखारवाल्यानं तीन प्लॉट विकले, फोटोवाला निघून गेला, एक हॉटेल बंद पडलं. दोमितिला रोज संध्याकाळी दाराशी उभी राहून चढणीवरचे दिवे मोजायची. एखादा कमी दिसला की तिला झोप लागत नसे. गाडी आली, दिवे वाढले, तरी ती मोजत राहिली. अमावास्येच्या उधाणाला ती अंथरुणातून उठून जमिनीवर हात ठेवून बसे, घर हलतंय का ते पाहायला. ओतिलिया ओरडायची. ती म्हणायची, "बघते नुसतं."

सदतीस वर्षं ती एकतीस नंबरमध्ये राहिली. पुन्हा एकदाही खाडी ओलांडली नाही. बेर्नाबे वारला तेव्हा ती धक्क्यापर्यंत गेली, होडीत एक पाय ठेवला आणि परत आली. त्या दिवशी तिनं चुलीपाशी दोन वाट्या भरल्या. एक स्वतः प्यायली. दुसरी गार होईपर्यंत समोर ठेवली.

उजवं टोक भट्टीपाशी बसायला ठेवलेलं आहे. पाव घ्यायला येणारी पोरं त्याच्या भोकात बोट घालतात. ते कशाचं भोक आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

मागच्या मंगळवारी दोमितिला गेली. त्या टोकावर बसली होती. पाव भट्टीत होता. ओतिलियानं तो वेळेवर काढला.